वर्सोव्याहून इगतपुरीकडे : इरफान खानच्या आठवणींची वाट

इरफान खानचे निधन २९ एप्रिल २०२० रोजी झाले, तेव्हा सारा देश टाळेबंदीमुळे घरात बसून होता. मुंबईच्या कोकिलाबेन रुग्णालयात सकाळी त्याने अखेरचा श्वास घेतला आणि दुपारी वर्सोव्याच्या कब्रस्तानात घरची माणसे व जवळचे मित्र अशा जेमतेम वीसेक जणांनी त्याला निरोप दिला. त्याआधी चारच दिवस जयपूरला त्याची आई सईदा बेगम वारली होती आणि तिच्या अंत्यविधीलाही त्याला जाता आले नव्हते. इरफान गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर गेले. ‘डी-डे’मध्ये एकत्र दिसलेल्या त्या दोघांच्या जाण्याच्या बातम्या आम्ही लागोपाठ दोन दिवस टीव्हीसमोर बसून पाहिल्या. आवडता नट गेला की त्याच्या घरापाशी आणि अंत्ययात्रेच्या वाटेवर माणसे लोटतात, अनोळखी माणसे एकमेकांशी त्याच्याबद्दल बोलतात, आणि त्या बोलण्यातूनच दुःखाला वाट मिळते. ती गर्दी इरफानच्या वाट्याला आली नाही, आणि त्या गर्दीतली जागा आमच्या वाट्याला आली नाही.

या गोष्टीला पाच वर्षे होत आली तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, आपण निदान जाऊन तरी येऊ.” कुठे जायचे, याचे उत्तर इरफानची पत्नी सुतपा सिकदर यांच्या लिहिण्यात होते. त्याच्या कबरीवर रान माजले आहे अशी छायाचित्रे २०२० च्या पावसाळ्यानंतर फिरू लागली, तेव्हा त्यांनी लिहिले होते की मुस्लिम कब्रस्तानात स्त्रियांना जाता येत नाही, म्हणून इगतपुरीला, जिथे त्याच्या आवडत्या वस्तू पुरून स्मृतिशिला ठेवली आहे तिथे, आपण रातराणी लावली आहे, आणि त्या जागी कोणीही न हटकता आपल्याला तासन्‌तास बसता येते. हे वाचले तेव्हापासून इरफानची आठवण आणि इगतपुरी यांची माझ्या मनात गाठ पडली होती. शिवाय ‘द लंचबॉक्स’मधला त्याचा साजन फर्नांडिस निवृत्तीनंतर नाशिकला जायला निघतो, तोही याच रेल्वेमार्गाने. म्हणून मुंबईत एक दिवस घालवून मग तीच गाडीची वाट धरायची, असे आम्ही ठरवले.

२८ एप्रिल, मुंबई

सकाळी उशिरा आम्ही चर्चगेट स्थानकाबाहेर उभे राहिलो, कारण डबे उतरण्याची वेळ तीच. लगेजच्या डब्यातून लांबट लाकडी पाट्या डोक्यावर घेऊन डबेवाले बाहेर येतात, फुटपाथवर डबे उतरवतात आणि झाकणावर रंगाने लिहिलेली अक्षरे व आकडे पाहून काही मिनिटांत त्यांची वाटणी करतात. एकही शब्द न बोलता एकाच्या हातातला डबा दुसऱ्याच्या सायकलीला लागतो. मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतून आलेल्या माणसांनी १८९० पासून चालवलेली ही व्यवस्था चुकत नाही, असा तिचा लौकिक आहे, आणि रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ची सारी गोष्ट ती एकदा चुकली तर काय होईल, एवढ्या कल्पनेवर उभी आहे.

त्या वाटणीकडे पाहताना मला साजनने पहिल्यांदा तो चुकलेला डबा उघडल्याचा प्रसंग आठवत होता. कचेरीच्या खाणावळीत बसलेला, विमादावे तपासण्यात ३५ वर्षे घालवलेला हा विधुर माणूस एकेक पुडा वेगळा करतो, झाकण उघडतो, वाकून वास घेतो आणि क्षणभर थांबतो. रोजच्या डब्याचा वास त्याला पाठ आहे, आणि हा वास वेगळा आहे, हे इरफानने फक्त त्या थांबण्यातून सांगितले आहे. चेहऱ्यावर आनंद नाही, आश्चर्यही नाही; आधी शंका आहे. दुसरा एखादा नट तिथे लगेच सुखावला असता आणि पुढच्या सगळ्या प्रेमकथेचा अंदाज पहिल्याच घासाला आला असता. साजन मात्र तो डबा पाठवणाऱ्या इला या अनोळखी बाईच्या पहिल्या चिठ्ठीला उत्तर देताना जेवणात मीठ जास्त झाले होते, इतकेच कळवतो. हा रुक्षपणा खरा वाटतो म्हणूनच पुढे त्याच माणसाने पानेच्या पाने लिहिलेली आपल्याला पटतात.

पत्रांचा विषय निघाला की आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकत असताना मीरा नायर यांनी त्याला ‘सलाम बॉम्बे’साठी निवडले होते, ठरलेली मोठी भूमिका ऐन वेळी हातची गेली आणि १९८८ साली पडद्यावर आलेल्या त्या चित्रपटात तो उरला तो रस्त्यावर बसून दुसऱ्यांची पत्रे लिहून देणारा माणूस म्हणून, तोही काही मिनिटांपुरता. त्या दुःखाने तो रडला होता, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले. याच मुंबईत २५ वर्षांनी स्वतःची पत्रे लिहिणारा साजन त्याला मिळाला. मधल्या काळात त्याने ‘चाणक्य’, ‘चंद्रकांता’, ‘बनेगी अपनी बात’ अशा मालिकांत वर्षानुवर्षे काम केले. ‘द ग्रेट मराठा’मध्ये तो नजीबखान रोहिला होता. आमच्या घरी तो नजीबखान पाहून वडील चिडत असत, इतका तो कपटी वाटायचा. पुढे मोठे नाव झालेल्या या माणसाला आपण आधीच पाहिले होते, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

दुपारी वांद्र्याच्या रानवर गावठाणात गेलो. साजनचे घर म्हणून चित्रपटात दिसतो तो हाच भाग. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळ ख्रिस्ती लोकांची ही जुनी वस्ती आता चहूबाजूंनी उंच इमारतींनी वेढली आहे, तरी अरुंद गल्ल्या, लाकडी गॅलऱ्या आणि बाहेरून चढणारे जिने काही ठिकाणी अजून टिकून आहेत. नेमके घर शोधण्याचा आम्ही प्रयत्न केला नाही, कारण तिथे माणसे राहतात आणि त्यांच्या दारात जाऊन उभे राहणे बरे दिसत नाही. रात्री गॅलरीत सिगारेट ओढत समोरच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाकडे पाहणारा साजन मनात आणायला ती गल्ली पुरेशी होती.

संध्याकाळी वर्सोवा. भाऊ कब्रस्तानात जाऊन आला. मी बाहेर रस्त्यावर थांबले. तो फार वेळ आत नव्हता, आणि बाहेर आल्यावर फार बोललाही नाही. आत झाडे पुष्कळ आहेत, एवढेच म्हणाला.

२९ एप्रिल, कसारा घाट आणि इगतपुरी

पाचव्या स्मृतिदिनी सकाळच्या गाडीने निघालो. कल्याण मागे पडेपर्यंत डब्यात गर्दी होती. आसनगावनंतर डोंगर दिसू लागले आणि खिडकीतून येणारा वारा बदलला. कसाऱ्याला गाडी थांबली, कारण पुढच्या चढासाठी मागून बँकर इंजिने जोडावी लागतात. या घाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे आणि एवढा तीव्र चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही. थांबलेल्या गाडीच्या खिडक्यांशी बायका पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन आल्या. हंगाम नुकता सुरू झाला होता, त्यामुळे अर्धी काळी, अर्धी लालसर अशी ती करवंदे आंबटढोण होती. मग मागून हलका धक्का बसला आणि गाडी बोगद्यांच्या दिशेने चढू लागली.

याच चढावर मी भावाला इरफानचे लंडनहून आलेले पत्र वाचून दाखवले. मार्च २०१८ मध्ये त्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचे निदान झाले आणि जून महिन्यात उपचार चालू असताना त्याने ते लिहिले. त्यात तो सांगतो की आपण एका वेगवान गाडीतून चाललो होतो, स्वप्ने होती, बेत होते, आणि अचानक कोणी खांद्यावर हात ठेवला; वळून पाहतो तर तिकीट तपासनीस, आणि तो म्हणतो आहे की तुमचे ठिकाण आले, उतरा. हा म्हणतो, नाही, माझे ठिकाण आलेले नाही. आजाराबद्दल इतके साधे आणि इतके नेमके लिहिलेले मी फार थोडे वाचले आहे. याच पत्रात पुढे तो लिहितो की आपले रुग्णालय लॉर्ड्‌सच्या मैदानासमोर आहे, हे वेदनेच्या भरात आपल्या ध्यानातही आले नव्हते, आणि तिथे व्हिव्हियन रिचर्ड्‌सचे हसरे चित्र दिसले तरी मनात काही हलले नाही. तरुणपणी सी. के. नायडू स्पर्धेसाठी निवड होऊनही पैशांअभावी क्रिकेट सोडावे लागलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे ठाऊक असले की त्या ओळींचा अर्थ अधिकच बोचतो.

भावाने तेव्हा एक गोष्ट लक्षात आणून दिली, ती मला आधी सुचली नव्हती. इरफानच्या मोठ्या भूमिकांमध्ये रेल्वे पुन्हा पुन्हा येते. ‘द नेमसेक’मधला अशोक गांगुली तरुणपणी रेल्वे अपघातातून वाचतो आणि त्या रात्री हातात असलेल्या पुस्तकाच्या लेखकाचे नाव मुलाला देतो. साजनचे सारे आयुष्य लोकलच्या दांडीला लोंबकळत गेले आहे. अशोकबद्दल मात्र मला वेगळेच सांगायचे होते. लहान मुलाला घेऊन तो समुद्रात शिरलेल्या दगडी बांधाच्या टोकापर्यंत जातो आणि तिथे पोहोचल्यावर त्याच्या ध्यानात येते की कॅमेरा गाडीतच राहिला. आता हे सगळे लक्षातच ठेवावे लागेल, असे तो मुलाला सांगतो. त्या वेळी त्याचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. बाप मुलाला काही मोठे देतो आहे, असा आविर्भाव त्यात अजिबात नाही, आणि म्हणून बाप गेल्यानंतर मुलाला तो क्षण आठवतो तेव्हा आपलाही गळा दाटतो. ‘सलाम बॉम्बे’त भूमिका कापणाऱ्या मीरा नायर यांनीच १८ वर्षांनी त्याला ही भूमिका दिली, याचे मला फार समाधान वाटते.

इगतपुरीला उतरून, सामान टाकून, ऊन कलल्यावर आम्ही रिक्षाने त्रिंगलवाडी किल्ल्याच्या बाजूला निघालो. किल्ल्याच्या पायथ्याशी पत्र्याची वाडी आहे. इरफानने या परिसरात जागा घेतली, येथे येऊन राहू लागला आणि हळूहळू गावाच्या अडीअडचणीत उभा राहिला. तो गेल्यानंतर वृत्तपत्रांनी जे छापले त्यात रुग्णवाहिका होती, शाळेसाठी मदत होती, मुलांसाठी पुस्तके, पावसाळ्यात रेनकोट आणि थंडीत स्वेटर होते. जवळपास चित्रपटगृह नसल्याने त्याचा नवा चित्रपट आला की वाडीतली माणसे नाशिकपर्यंत जाऊन तो पाहून येत, असेही तेव्हा वाचले होते. आणि मे २०२० मध्ये बातमी आली की गावकऱ्यांनी आपल्या वस्तीला ‘हिरोची वाडी’ असे नाव दिले.

एप्रिलअखेरचा तो मुलूख सुंदर म्हणावा असा नव्हता. गवत वाळून पिवळे झालेले, शेते भाजणीने काळी, धरणाचे पाणी आत सरकलेले आणि काठावरच्या चिखलाला भेगा पडलेल्या. इगतपुरी म्हटले की धबधबे आणि धुके डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी ती या दिवसांत पाहावी, म्हणजे रेनकोट आणि रुग्णवाहिका या गोष्टींचे इथे काय मोल आहे, ते कळते. पावसाळ्यात इथे पाऊस अक्षरशः कोसळतो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन पाण्यामागे फिरतात. शहरातून येऊन डोंगराचे दृश्य विकत घेणारे पुष्कळ असतात. समोरच्या मुलाच्या अंगावर पावसात काय आहे, हे पाहणारे थोडे.

वाटेवर एका घराच्या ओट्यावर आजी बसल्या होत्या. आम्ही वाट विचारली, पाणी मागितले, आणि कशासाठी आलो ते सांगितले. त्यांनी मान हलवली, तांब्या पुढे केला आणि विचारले, “तुमी त्यांचे कोन?” भाऊ म्हणाला, कोणीच नाही, त्यांचे सिनेमे पाहिलेत. आजींना हे उत्तर पुरेसे वाटले नसावे. एवढ्या उन्हाचे कोणी नात्याशिवाय येत नाही, असा त्यांचा समज दिसला, आणि तो मला मुळीच चुकीचा वाटला नाही. मग त्यांनी नातवाला आमच्याबरोबर पुढच्या वळणापर्यंत पाठवले. तो मुलगा फार तर सात-आठ वर्षांचा; इरफान गेला तेव्हा तो रांगण्या-चालण्याच्या वयात असेल. त्याच्या तोंडी मात्र ‘हिरोची वाडी’ हे नाव सहज होते.

या नावाचा मी रात्री बराच वेळ विचार करत होते. शहरात एखाद्या कलावंताचे नाव चौकाला द्यायचे तर ठराव होतो, कोनशिला बसते, पाहुणे येतात, आणि पुष्कळदा ती पाटी वाचल्याशिवाय कोणाला ते नाव ठाऊक नसते. इथे आधी माणसांच्या बोलण्यात नाव आले. तेही त्याचे स्वतःचे नाव नाही, आणि त्याने केलेल्या कुठल्या भूमिकेचेही नाही. गंमत अशी की रूढ अर्थाने तो हिरो कधीच नव्हता. ‘हासिल’मधल्या खलनायकीबद्दल त्याला फिल्मफेअर मिळाले आणि हिंदी चित्रपटसृष्टीला त्याला नायकाच्या चौकटीत बसवायला वीस वर्षे लागली. वाडीने तो प्रश्न एका शब्दात निकालात काढला.

स्मृतिशिला आहे ती जागा कुटुंबाची आहे. तिथे जाण्याचे आम्ही मनातही आणले नाही. ती जवळपास कुठेतरी आहे आणि तिथे सुतपा यांना कोणी उठ म्हणत नाही, हे जाणून घेण्यापुरताच आमचा त्या जागेशी संबंध होता.

३० एप्रिल, त्रिंगलवाडी आणि नाशिक रोड

पहाटे किल्ला चढायला घेतला. पायथ्याच्या लेण्याला लोक पांडवलेणे म्हणतात, पण ते जैन लेणे आहे. आत ऋषभदेवांची मूर्ती आहे आणि शके १२६६ चा, म्हणजे इसवी सन १३४४ चा, शिलालेख आहे. दारावरचे कोरीवकाम अजून रेखीव दिसते. वर चढताना शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि दरवाजाशेजारी खडकातच कोरलेला उंच मारुती उभा आहे. माथ्यावरून कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग अशी रांग उघडी दिसली, आणि दुसऱ्या अंगाला त्र्यंबकचे डोंगर.

भाऊ धावणारा आहे, म्हणून त्याचा आवडता चित्रपट ‘पानसिंग तोमर’. चढताना तो त्याबद्दलच बोलत होता. सैन्यातला, स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचा राष्ट्रीय विजेता जमिनीच्या भांडणातून चंबळच्या खोऱ्यात बंदूक हाती घेतो, त्या खऱ्या माणसाची ही गोष्ट. २०१२ चा उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार इरफानला याच भूमिकेसाठी मिळाला. भावाचे म्हणणे असे की धावपटूंवरच्या चित्रपटांत नट अंतिम रेषेशी अभिनय करतात, इरफान मात्र धावण्याच्या मधल्या कंटाळवाण्या टप्प्यात करतो. तिथे त्याचे खांदे ढिले असतात आणि नजर दहा पावले पुढे असते, जशी ती खऱ्या लांब पल्ल्याच्या धावकाची असते. मला धावण्यातले कळत नाही, पण हे निरीक्षण मी जपून ठेवले आहे. मला त्या चढावर ‘द वॉरियर’ आठवत होता. आसिफ कपाडिया यांच्या २००१ सालच्या त्या चित्रपटात सरदारासाठी माणसे मारणारा योद्धा एके दिवशी तलवार खाली ठेवतो आणि वाळवंटातून डोंगरांकडे चालू लागतो. संवाद अगदी मोजके. मालिकांना कंटाळून अभिनय सोडण्याच्या विचारात असलेल्या इरफानला या भूमिकेने पुन्हा उभे केले. त्यानंतर दोनच वर्षांत ‘मकबूल’ आणि ‘हासिल’ आले. हा चित्रपट आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिला आहे, आणि इरफानवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने तो शोधून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

खाली उतरून दुपारच्या गाडीने आम्ही नाशिक रोडला गेलो. तिथे पाहण्यासारखे आमचे काही नव्हते. साजन जिथे निघाला होता तिथपर्यंत जायचे, एवढाच हेतू. चित्रपटात नाशिकच्या गाडीत त्याच्यासमोर एक म्हातारा गृहस्थ बसलेला असतो. साजन त्याच्याकडे पाहतो आणि आपले पुढचे दिवस त्याला समोर दिसतात. तो परत येतो. त्याआधी इलाने भेटायला बोलावले तेव्हा तो उपाहारगृहात गेलेला असतो, लांबून तिला पाहतो आणि न भेटताच निघून येतो. का, ते तिला पत्रातून सांगतो : सकाळी न्हाणीघरात आपल्या आजोबांच्या अंगाला यायचा तसा वास आला, आणि तो वास आपलाच होता, शिवाय लोकलमध्ये एका तरुणाने काका म्हणून बसायला जागा दिली. म्हातारपणाची पहिली जाणीव मी हिंदी चित्रपटात इतक्या साध्या शब्दांत ऐकलेली नाही. आणि शेवटी तोच माणूस अभंग म्हणणाऱ्या डबेवाल्यांबरोबर लोकलमध्ये बसून तिचे घर शोधायला निघतो, तिथे चित्रपट संपतो.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर बसून आमचा वाद सुरू झाला की इला त्याला भेटते की नाही. भावाच्या मते भेटतेच, कारण तिचा पत्ता ठाऊक असलेली सगळ्या मुंबईतली एकमेव माणसे आता त्याच्या सोबत आहेत. माझे मत उलट आहे. तोवर इलाने दागिने विकलेले आहेत, मुलीला घेऊन भूतानला निघण्याची तिची तयारी झालेली आहे, आणि लोकलमधल्या त्या शेवटच्या दृश्यात इरफानने साजनच्या चेहऱ्यावर खात्री येऊ दिलेली नाही. भावाने विचारले, मग तिथे आहे तरी काय. मी म्हटले, उशीर झाल्याची जाणीव आहे आणि तरी उतरायचे नाही, हा निश्चय आहे. त्याला ते पटले नाही. त्याच्या आठवणीप्रमाणे साजन त्या दृश्यात किंचित हसतो. गाडी आली तेव्हा आम्ही एवढ्यावर थांबलो की घरी पोहोचल्यावर ती शेवटची दहा मिनिटे पुन्हा लावायची आणि तो हसतो की नाही, ते नीट पाहायचे.